जाताना काय म्हणायचं

३ फेब्रुवारी, सोमवार

बालाजीनं आज परत कपाळ फोडून घेतलं. जुन्या टाक्यांवरच. केंद्राच्या फाटकाच्या लोखंडी पट्टीवर धाड धाड. मदतनीस शोभा आणि मी दोघींनी धरलं तरी आवरेना. चोवीस वर्षांचा गडी, ताकद बैलाची, रडणं तीन वर्षांच्या लेकराचं. माझी ओढणी रक्तानं भरली.

संध्याकाळी अध्यक्ष सरांचा फोन. "मॅडम, तुम्ही मतिमंद मुलांच्या वर्तनाच्या सुपरवायझर ना? मग काय सुपरवाइज करताय?" काय बोलावं या माणसाला! महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. फरक पडला नाही तर बालाजी घरी. शेजारपाजारच्यांच्या तक्रारी, संस्थेचं नाव, वगैरे वगैरे.

घरी म्हणजे चुलत्याकडं. आणि तिथं काय होतं ते बालाजीच्या घोट्यावर लिहिलेलंच आहे.

५ फेब्रु., बुधवार

गयाबाई आल्या होत्या, बालाजीची आई. पूर्णेहून पॅसेंजरनं, दिराला घेऊन. चेहरा पार पिवळा. गर्भपिशवीत गाठ आहे, नांदेडच्या डॉक्टरनं ऑपरेशन ताबडतोब सांगितलंय आणि ही बाई ढकलायलीय.

"ह्याला सोडून म्या कशी जाऊ, ताई? तुमी ठिऊन घेता का न्हाई तेवडं सांगा. मग माजं पोट फाडा न्हाईतर काय बी करा."

दीर चहा फुंकत म्हणाला, "आमी बांधू की दावणीला. आदी बी बांधतच व्हतो." इतकं सहज. कप हिसकावून घ्यावासा वाटला. घेतला नाही. बिस्कीट पुढं केलं!

निघताना गयाबाईंनी पोराच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. "येते रं बाळा." ती रिक्षात बसली, हा फाटकाशी उभा. "येते, येते" करत राहिला आणि जरा वेळानं तेच. धाड धाड.

आई ऑपरेशनला जायची तर हा इथं राहिला पाहिजे. हा राहायचा तर हे थांबलं पाहिजे. आणि हे कशानं होतंय तेच मला कळत नाही.

८ फेब्रु., शनिवार

नोंदवहीतला 'आधी काय घडलं' हा रकाना आम्ही दिवाळीपासून भरायलोय. उरुसातल्या पाळण्यांचा भोंगा. ऊन. भेंडीची भाजी. शेजारच्या बोअरची मोटर. भेंडी बंद केली, कानात कापूस घातला, मोटरवाल्याच्या हातापाया पडले. ढिम्म फरक नाही.

फक्त दुसरी मदतनीस शबाना, तिच्या कामाच्या पाळीला शांत असतो. शोभा म्हणते, "ती चोरून कायतरी खाऊ घालती." शबाना म्हणते, "मैं क्या खिलाती ताई, उलटा मेरा डब्बा वोच खाता." दोघींचं मिटवता मिटवता माझाच जीव अर्धा झाला.

हा गडी स्वतःला 'येते' म्हणतो, बाईसारखं. म्हणून मी त्याच्या आराखड्यात धडा घातलाय: 'येते' नाही, 'येतो' म्हण. बरोबर म्हणाला की शेंगदाण्याचा लाडू. आज न चुकता म्हणाला. टाळ्या वाजवल्या आम्ही. शोभाची पाळी संपली, ती गेली, आणि यानं "येतो, येतो" म्हणत कपाळ फोडून घेतलं.

व्याकरण तेवढं सुधारलं! हसावं का रडावं. रडलेच.

१२ फेब्रु., बुधवार

गंगाखेडच्या गृहभेटीहून परत येताना, बसमध्ये. पुढं उसाचा ट्रॅक्टर, बस रांगायलीय. अक्षर हलतंय.

माझ्यानं होत नाही हे. दुसऱ्यांना शिकवत फिरते, लेकराच्या प्रत्येक वागण्याला कारण असतं, शोधा. आणि माझ्याच केंद्रातलं एक लेकरू डोकं फोडून मला काहीतरी सांगायलंय आणि मी ठार बहिरी. घरी हे विचारतात, "आज काय फुटलं?" चेष्टेत. आधी हसायची मी.

राजीनामा द्यावा का. दिला तर बालाजी आधी जाईल. ना धड इकडं, ना धड तिकडं

१५ फेब्रु., शनिवार

सापडलं. आधी लिहून ठेवते.

दुपारी निघाले. "येते हं बालाजी," म्हणाले, नेहमीसारखं. कोपऱ्यापर्यंत गेले आणि आठवलं, डबा राहिला. परत आले तर हा फाटकाशी, तोंडानं "येते हं बालाजी". माझाच आवाज, माझाच हेल. मला पाहिलं आणि उड्या! "आली! आली!" असा हसला की काय सांगू. आत जाऊन मुकाट मटकी निवडत बसला. मी डबा घेतला, पुन्हा "येते हं" म्हणाले. पुन्हा फाटक. मी भिंतीआड थांबले. वाट बघितली, बघितली बिचाऱ्यानं, आणि मग धाड.

अगं बाई! आपण जाताना 'येते' म्हणतो. तो 'येते' ऐकतो. येते म्हणजे येते. सगळे तोंडावर येते म्हणतात आणि एकही माणूस येत नाही. रोज. पाळी संपली की. आई तर प्रत्येक खेपेला. माणूस डोकं फोडील नाहीतर काय करील?

आणि शबाना जाताना "खुदा हाफिज" म्हणते.

तो स्वतःला 'येते' म्हणतच नव्हता. आमचं आम्हाला ऐकवत होता. आणि मी लाडू देऊन ते दुरुस्त करत होते.

१७ फेब्रु., सोमवार

सगळ्यांना बसवून सांगितलं: आजपासून निघताना 'जाते' म्हणायचं. मग शोभा, "मी न्हाई म्हणायची. जाते म्हणू नये, ताई. आमच्या सासूला नुसतं ऐकू आलं तर दारातनं परत आणून बसवती, पाणी पाजती, मग सोडती." मी म्हणाले, 'उद्या येते' म्हणा. करून पाहिलं. त्याला उद्या कळत नाही, येते तेवढं कळतं.

आणि खरं सांगायचं तर माझ्याही जिभेवर 'जाते' येईना. इतकी शिकलेली मी! ओठापर्यंत आलं आणि माझ्या आईचा चेहरा समोर.

शेवटी शोभानंच तोड काढली. "त्यापेक्षा खुदा हाफिज म्हणू की. त्यात काय अभद्र न्हाई." शबाना पोट धरून हसली. हापिज नाही, हाफिज, अशी उजळणी झाली. लय दिवसांनी या खोलीत कुणी हसलं.

१९ फेब्रु., बुधवार

शिवजयंती. मिरवणुकीचा डीजे थेट फाटकासमोर, खिडक्या थरथरायल्या. म्हटलं, संपलं सगळं. बालाजी मजेत डोलत होता. शोभा खुदा हाफिज म्हणून गेली, तो वळून आत आला. फाटकाशी थांबलासुद्धा नाही. बिचारी भेंडी उगाच बदनाम झाली.

२२ फेब्रु., शनिवार

कपाळ सुकायलंय. सर म्हणाले, "बघू. आईच्या भेटीनंतर कसा राहतो त्यावर ठरवू." म्हणजे सगळं उद्यावर आलं. ऑपरेशन मंगळवारी, गयाबाई उद्या भेटायला येणार.

फोनवर त्यांना सगळं समजावलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग, "म्हंजी माज्यामुळं फोडत व्हता का त्यो?" नाही हो मावशी, नाही.

२३ फेब्रु., रविवार

गयाबाई बहिणीला, चंद्रकलाला, घेऊन आल्या. पोराला जवळ घेऊन भाकरी चारली. निघायची वेळ झाली. पदर सावरून म्हणाल्या, "खुदा हापिज रं बाळा." त्याला गंमत वाटली, हसला. पण आईचं तोंड आणि हा शब्द, मेळ बसेना त्याचा. पदर धरला. "येते?"

त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. "येते?" पुन्हा. "येते?" आवाज चढायला लागला. मूठ आवळली. गयाबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

परवा पोट फाडून घ्यायला निघालेली बाई. तिच्या तोंडून काय वदवायचं होतं ते मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. आणि मी मान हलवली. हो म्हणून.

"न्हाई रे राजा," त्या म्हणाल्या. "जाते. जाते म्या."

त्यानं पदर सोडला. "जाते," म्हणाला, आणि आत गेला. एकदाही मागं बघितलं नाही.

रस्त्यापर्यंत गयाबाईंना मी धरून नेलं. "बोलले म्या, ताई. आता राहील ना त्यो हितं?" चंद्रकलानं माझा हात बाजूला सारून बहिणीला धरलं. बरोबरच आहे तिचं.

२५ फेब्रु., मंगळवार

ऑपरेशन झालं म्हणे. शुद्धीवर यायच्यात. चंद्रकलानं एवढंच सांगून फोन ठेवला.

मी असल्या गोष्टी मानत नाही. मानत नाही. सकाळपासून स्वतःला हेच सांगायलेय आणि तुळशीला पाणी घालताना हात जोडून उभी होते.

२७ फेब्रु., गुरुवार

रक्त थांबेना, परत आत घेतलं. काल कळालं. आज फोन लागत नाही. बालाजी झकास. जेवतो, झोपतो, गाणी म्हणतो. फाटकाकडं फिरकत नाही. वाट बघणं बंद. हेच हवं होतं ना मला?

२८ फेब्रु., शुक्रवार

सर येऊन गेले. बालाजीचं कपाळ बघितलं, खूश. "छान मॅडम! राहू द्या त्याला." बस, एवढ्यासाठी गयाबाईंनी ते तोंडातून काढलं होतं. ही बातमी सगळ्यात आधी त्यांना द्यायची होती. फोन लावला. नुसता वाजला.

संध्याकाळी निघाले. बालाजी ओट्यावर शेंगा फोडत बसलेला. मान वर करून म्हणाला, "आई गेली." नळाला पाणी आलं म्हणावं तसं.

शोभानं धावत येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नये रे! अभद्र!" गेलीच ना आई, त्याच्या देखत, सांगून. एका माणसाला आम्ही खरं बोलायला शिकवलं आणि ते आमच्याच्यानं ऐकवेना.

चंद्रकलाचा नंबर परत लावला. वाजायला लागला.

बालाजी माझ्याकडं बघत होता. "आई गेली?" या वेळी विचारलं त्यानं.

फोन वाजतच होता. हो म्हणू का नाही म्हणू, कुठलाच शब्द तोंडात येईना. आणि निघायचं तर तिथंही काहीतरी म्हणावं लागणार. पर्स खांद्यावरून काढून ठेवली, फोन कानाला तसाच धरला, आणि त्याच्या शेजारी शेंगा फोडायला बसले.