एस्कीलसमोर गप्प बसण्याची शिक्षा

रिबे, मंगळवार

प्रिय कर्स्टिनताई,

तुला आणि भावोजींना बिर्टेचा नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो ना आता? माझी तब्येत ठणठणीत आहे, डोकं मात्र कालपासून तापलेलं आहे.

आमचा एस्कील तुला ठाऊक आहे (माझ्याकडे सांभाळायला येणाऱ्या पोरांतला सगळ्यात गोड). अडीच वर्षांचा झाला तरी नुसतं बोट दाखवतो. म्हणून नगरपालिकेनं भाषेची सल्लागार धाडली, फ्रेदेरिके नावाची. ती सकाळभर माझ्या स्वयंपाकघरात बसून राहिली, आणि मुलं बाहेर बाबागाड्यांत झोपल्यावर म्हणाली, "बिर्टे, तुम्ही छान बोलता. पण त्याच्या वाटचंही तुम्हीच बोलता. विचारा, आणि थांबा. महिन्याभरात फरक पडला नाही, तर त्याला एस्बियर्गच्या खास गटात हलवू." म्हणजे माझा एस्कील रोज बसमधून अनोळखी माणसांत! लोकांची पोरं सांभाळून माझे केस पिकले, आणि ही मला शिकवणार! निदान नवऱ्यानं तरी माझी बाजू घ्यावी ना? प्रेबेन म्हणतो, "त्या बाईला रोज जेवायलाच बोलाव, तेवढीच घरात शांतता."

काल जेवताना मी काळा पाव हातात धरून एस्कीलला विचारलं, "काय लावू?" त्यानं बोट केलं. मी गप्प. (मला गप्प बसलेलं तू कधी पाहिलंयस? जबडा दुखतो.) बाकीची पोरं खायची थांबली; छोट्या लीवानं तर माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. शेवटी सवयीनं माझी सुरी कलेजीच्या वाटणाकडे वळली, कारण त्यावर त्याचा भारी जीव, असं मी त्याच्या आईलाही छातीठोकपणे सांगत आले होते. आणि एस्कील स्पष्ट म्हणाला, "ते नको. बांगडा."

वर्षभर, ताई! माझ्या हातचं, ताजं भाजलेलं वाटण त्यानं वर्षभर मुकाट्यानं गिळलं! आवडत नव्हतं तर सांगायला काय झालं होतं? फ्रेदेरिकेला फोन करून मी हेच विचारलं, तर ती हसत सुटली. यात हसण्यासारखं काय आहे, तूच सांग.

तुझी संतापलेली,
बिर्टे

ता.क. आज तो "अजून बांगडा" म्हणाला. एस्बियर्ग बहुतेक टळलं. मी न्हाणीघरात जाऊन रडून आले. प्रेबेनला कळवू नकोस.

ता.क. आणखी एक. तुझा नातू टोके अजून बोलत नाही, असं तू परवा फोनवर म्हणालीस, आणि लगेच त्याच्या वतीनं मला "नमस्कार, मावशीआजी"ही म्हणालीस. शरद ऋतूच्या सुट्टीत त्याला घेऊन ये. तू प्रेबेनबरोबर गळ टाकायला जा. आणि टोकेला काय आवडतं, ते मला मुळीच सांगू नकोस.