चौथ्याची पात

माय, काल चौथा येऊन गेला. नव्या चिन्नोर तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन तीन जिने चढला, या वयात, आणि धापा टाकत वर मलाच रागावला की लिफ्ट बंद आहे तर आधी सांगायचं होतंस. तुला त्याचं नाव कधी तोंडात बसलं नाही. आम्ही चौघं नागपूरहून आपल्या घरी उतरलो तेव्हा तू ताटं वाढत गेलीस आणि जो लाजून दाराजवळ शेवटी बसला, तो तुझा चौथा झाला. आता माझी बायको, मुलं, सगळे त्याला चौथाच म्हणतात. दर वर्षी धान निघालं की तो येतो, आणि त्या तांदळाच्या भाताचा पहिला घास मला दर वर्षी गिळवत नाही. का, ते त्याला माहीत नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला सरांनी आमचा गट केला आणि सिहोऱ्याजवळचा आपला जुना तलाव गळ्यात बांधला: त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, किती पाझरते आणि ते पाणी कसं आवरायचं. अहवाल एक, गुण एक, नावं चार. कोणी अंग चोरलं तर बाकी तिघांनी सही करून द्यायची, त्याचं नाव निघणार, त्याचं वर्ष जाणार. आम्ही पडलो शहाणे. भाऊ-भाऊ शेत वाटून घेतात तसे कामाचे चार वाटे केले. एकाकडे मोजणी, एकाकडे मातीच्या चाचण्या, माझ्याकडे आकडेमोड आणि चौथ्याकडे नकाशे, कारण त्याचा हात सोन्याचा. आणि नेमके त्याच उन्हाळ्यात त्याचे वडील छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. ते चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते आणि घरात करणारा तो एकटाच. तो गावी गेला की परतायचं नाव नाही, इकडे त्याच्या ड्रॉइंग बोर्डावरचा कोरा कागद धूळ खायचा. बाकीच्या दोघांनी सह्या करून टाकल्या. तिसरी माझी हवी होती. पावसाळ्यात तलावाची पातळी मोजायला गावी आलो तेव्हा तो कागद माझ्या खिशात होता.

तू रोवण्यात, धानाच्या लावणीत आहेस. मोठ्या बांधीत बायका ओळीने वाकलेल्या, प्रत्येकीची आपापली पात, डाव्या हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची जुडी. सगळ्या उलट्या पावलांनी सरकत जातात, त्यामुळे जी मागे पडते ती पुढेच अडकलेली दिसते. मी धुऱ्यावर, बांधीच्या कडेला बसून माझं रडगाणं गातो आहे. हा येत नाही, आम्ही का म्हणून मरायचं, एकाने सोंग करायचं आणि तिघांनी राबायचं. तू कमरेवर हात ठेवून उभी राहतेस. ओळ तुझ्यापासून दूर गेलेली आहे. शेजारची काकी वाकल्या वाकल्या तुझ्या पातीत हात घालून दोन-चार रोपं खोचते, पुन्हा खोचते. माझ्या डोळ्यांदेखत. मला वाटतं, तू माझ्याशी बोलायला थांबलीस.

तू म्हणालीस, "आमच्यात एखादी मांगं पडली त तिले धुऱ्यावर नाही बसवत, बाबू. शेजारची तिची पात धरते. बांधी रोवली गेली पाह्यजे, बस."

मी परत गेलो आणि तो कागद फाडला. मोठेपणाचं भूत अंगात आलं की माणसाला काही सुचत नाही. नकाशे मी करायला घेतले. माझा हात कसा, ते तुला माहीतच आहे, पाटीवरच्या रेघाही वाकड्या यायच्या. शाईचा एक ठिपका पडला की अख्खा कागद बाद. दिवाळी त्यातच गेली. येत नाही म्हणून निरोप धाडला. बाबा मला बोलवायला निघाले होते म्हणे, तूच अडवलंस. त्यांना म्हणालीस, "कायले बोलावता? पोरगा दोघाचं करून राहिला. होऊ द्या त्याचं." गावच्या एकाबरोबर अनारसे मात्र पाठवलेस. ते मी एका हाताने खात, दुसऱ्या हाताने पाळीचा छेद काढत होतो.

धान कापणीला आलं आणि तार आली. मी पोचलो तेव्हा आवारात माणसं बसली होती आणि तू नव्हतीस. तेरवी झाल्यावर काकी माझ्याजवळ आली. पदराशी चाळा करत म्हणाली, "तुह्या मायची पात या साली मीच लावली, सारं रोवणं. पोटात दुखे तिच्या, वाकता येत नोहोतं. म्हणे, पोराले सांगू नोको, त्याची परीक्षा आहे."

परीक्षा झाली. चौथा शेवटच्या दिवसांत आला, माझ्याकडून एकेक रेघ समजून घेतली आणि तोंडी परीक्षेला इतकं छान बोलला की बाहेरून आलेले परीक्षक त्याच्या नकाशांवर खूश झाले. चौघंही पास. त्याचे वडील उठले, हिंडूफिरू लागले, पुढे नातवंडं खेळवली. माय, मला त्याचा आनंद झाला नाही. आजही होत नाही. चौथ्यात खोट काढायला जागा नाही, आयुष्यभर कालव्यांवर इमानाने राबला, माझ्या अडीअडचणीला भावाआधी धावला. म्हणूनच जास्त राग येतो, कोणावर ते समजत नाही. कधी तुझ्यावरही येतो. साऱ्या गावाला पात धरायला शिकवलंस आणि पोटच्या पोराला तुझी दाखवली नाहीस.

काल जेवून उठताना तो दर वर्षीचं वाक्य बोलला. "तू तवा सही केली असती त मी कुठं राहिलो असतो रे?" मी दर वर्षीसारखं जाऊ दे म्हटलं आणि त्याला बसस्टँडवर सोडून आलो. हे लिहिलेलं मी घरात ठेवणार नाही. चुकून त्याच्या हाती लागलं तर पुढल्या साली तो येणार नाही, आणि मग तू ठेवलेल्या नावाला ओ देणारंही कोणी उरणार नाही.

त्याला जे उत्तर देता येत नाही ते तुला देतो. त्या दिवशी धुऱ्यावरून मला तुझं दुखणं दिसलं असतं, तर नकाशांत अडकण्याऐवजी तुला दवाखान्यात न्यायला मी तिथल्या तिथे सही केली असती. तू मला पुन्हा घरात घेतलं नसतंस, हे माहीत असूनही केली असती.