बावीस बंदरांचं गाणं

एडिंबरा, ५ फेब्रुवारी १९६८

ती. एल्सपेट मावशीस,
नॉरीचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. खोकला गेला. तू विणलेले मोजे पोचले. एक मोजा दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब आहे, पण ऊब दोन्हींत सारखीच.

आता मुद्द्याचं. येत्या दोन मार्चला आपल्या पोर्टसॉयच्या सभागृहात माझा कार्यक्रम आहे. मासळीचा ट्रक हाकणारा पोरगा रेकॉर्ड काढून, रेडिओवर गाऊन, नऊ वर्षांनी गावात गाणार म्हणून सगळी तिकिटं खपली. आणि लोकांना माझ्याकडून एकच गाणं हवं असतं, ‘बावीस बंदरं’. ते तुझं. हेरिंग मासे साफ करताना तू म्हणायचीस आणि मी पालथ्या टोपलीवर बसून ऐकायचो. आपल्याकडची रीत मी तुला काय सांगावी? ज्याचं गाणं, तो खोलीत असेपर्यंत दुसऱ्याने ते तोंडातून काढायचं नाही.

शेजारच्या बेलाबाईंनी कळवलंय, की तू पहिल्या रांगेचं तिकीट काढलंयस. मावशी, तू समोर बसलीस तर मी गाऊ काय? हात जोडतो, त्या दिवशी बकी गावाला मिना मावशीकडे जा. गाडी मी पाठवतो.

लोभ असावा, त्या एका संध्याकाळी जरा लांबून असावा.
तुझा नॉरी

पोर्टसॉय, ९ फेब्रुवारी

चि. नॉरीस,
एल्सपेट मावशीचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

मिनाकडे मी जाणार नाही. तिचं सूप म्हणजे बार्ली धुतलेलं पाणी.

बेलाने तुझ्या रेकॉर्डचं पाकीट दाखवलं. काय ती दाढी, काय तो कोळ्याचा निळा स्वेटर, आणि मागे खवळलेला समुद्र! अरे, बंदरात बांधून ठेवलेल्या होडीत तू ओकला होतास, तेही आजोबांच्या टोपीत. गावाला सगळं आठवतंय हो.

आणि रीत मला शिकवू नकोस. रेडिओवर तुझं ते गाणं लागलं, की मी उठून परसात कोंबड्यांपाशी जाऊन उभी राहते. रेडिओ झाला तरी खोलीतच असतो ना? गेल्या महिन्यात गारा पडत होत्या, तरी उभी राहिले. अकरा मिनिटांनी आत आले, तर बेला म्हणते, गाणं केव्हाच संपलं, चारच मिनिटांचं आणि नऊच बंदरांचं होतं! हरवलेल्या नवऱ्याला शोधत ती बिचारी बावीस बंदरं पायी फिरते. त्यातली तेरा तू कुठे बुडवलीस? की तुझ्या गाण्यातली बाई बसने जाते?

तिकीट काढलंय. मी येणार.
मावशी

एडिंबरा, १६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बंदरं मी नाही बुडवली, रेकॉर्डवाल्यांनी बुडवली. गावात बावीसच्या बावीस म्हणेन, शपथ.

एक तोड सुचली आहे. सभागृहामागे चहाचं स्वयंपाकघर आहे, मधे ती कपबश्या द्यायची खिडकी. ती वेगळी खोली धरायची का, असं मी पाद्रीबुवांना विचारलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि कळवलं, की खिडकी बंद असेल तर धरायला हरकत नाही. तिथे तुझी खुर्ची मांडायला सांगतो. उशीसकट.

राग कमी व्हावा, लोभ तेवढा राहावा.
नॉरी

पोर्टसॉय, २० फेब्रुवारी

चि. नॉरीस आशीर्वाद.

बरं. खिडकी बंद ठेवीन. उशी नको, मला काही झालेलं नाही.
मावशी

एडिंबरा, ५ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि. या खेपेला खरोखरच साष्टांग.

बारा बंदरं छान पार पडली होती. मग मी तेरावं व्हाइटहिल्स विसरून थेट बॅन्फला पोचलो आणि धाडकन खिडकी उघडली. व्हाइटहिल्सला काय तुझा बाप जाणार, असं तू ओरडलीस. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. खिडकी उघडली म्हणजे तू खोलीत आलीस, म्हणून मी मुकाट्याने तोंड मिटलं. मग खांद्यावर कपबश्या पुसायचं फडकं टाकून उरलेली दहा बंदरं तू तिथूनच म्हटलीस. सगळं सभागृह उभं राहिलं. पाद्रीबुवांनी तर शीळ घातली! ॲबर्डीनच्या क्लबाने मे महिन्यात तुला गायला बोलावलंय. मला एवढंच विचारलं, की तुम्हाला गाडी चालवता येते ना.

मला त्याचा राग नाही, अगदी खरं सांगतो. पण टाळ्या चालू असतानाच तू कोट चढवून निघून गेलीस, माझ्याशी बोललीही नाहीस. मी तुला दुखावलं का? तीन दिवस जेवण गोड लागत नाही. लगेच कळव.
नॉरी

पोर्टसॉय, ७ मार्च

चि. नॉरीस,
अनेक आशीर्वाद. धपाटा नाही.

तुझ्यावर नाही रे, मी स्वतःवर चिडले होते. ॲबर्डीनला मी जायची नाही. मला गायचं नव्हतंच. मी त्या खिडकीला कान लावून बसले होते. इकडे पाणी खदखदतंय, बायका बश्या आपटतायत, तरी जेवढं कानावर येईल तेवढं वेचत होते. आणि एका बंदरासाठी सगळं माझ्याच हाताने घालवलं.

१९२१ साली यारमथ बंदरात, हेरिंग साफ करायच्या शेडमध्ये, सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळून माझी आई हे गाणं शेवटचं गायली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, आता हे तुझं. मी एकोणीस वर्षांची, केवढी फुगले! त्या दिवसापासून माझ्यासमोर ते कुणी म्हटलं नाही. रीत म्हणून तिनेही नाही. सत्तेचाळीस वर्षं मी ते गातेय नॉरी, पण एकदाही ऐकलेलं नाही. पहिल्या रांगेचं तिकीट तेवढ्यासाठी होतं.

म्हणून बेलाला साक्षीला बसवून लिहिते, की गाणं आजपासून तुझं. मी मरायला टेकलेली नाही, तेव्हा रडत बसू नकोस. शनिवारी घरी ये. दाढीसकट आलास तरी चालेल. सगळं म्हण, चुकलास तर चूक. मी समोर बसेन, हात मांडीवर ठेवून, आणि एक अक्षर बोलणार नाही.

लोभ राहू दे, पण आधी ये.
तुझी मावशी