गोदूआत्याच्या बेबी मोटारीला काय पडले

मिरकरवाडा, रत्नागिरी,
ता. १२ डिसेंबर १९३४

तीर्थस्वरूप आप्पादादांच्या पायांवर धाकट्या गुणाजीचे डोके. वहिनींचा खोकला उतरला असेल अशी आशा आहे. इकडे आत्याचे गुडघे धरलेत. आवाज मात्र ठणठणीत आहे.

आत्याची मोटार इकडे सुखरूप उतरल्याची बातमी परळात पोचली आणि सगळे मिळून किंमत किती पडली असे तुम्ही विचारलेत. सांगतो. गुडघ्यांपायी तिला मासळीबाजारात पोचायला उशीर होई आणि तेवढ्यात यमुनाबाई तिची सगळी गिऱ्हाइके पळवी. म्हणून आत्याने मासेमारीचा जुना मचवा विकून टाकला, मला घेतले आणि थेट मुंबईच्या मोटारीच्या दुकानात. काचेवर अठराशे रुपये लिहिले होते. (तिच्या कनवटीला त्याहून थोडेच जास्त होते.) विक्रेता म्हणाला, हे नुसत्या गाडीचे, टप, भोंगा आणि पाचवे चाक वेगळे. त्यातून माल विलायतेचा, जकात वाढलेली, हिरवा रंग हवा तर पंधरा जास्त. आत्या म्हणाली, "अरे झिला, मी सुरमई विकते तेव्हा शेपटीचे पैसे वेगळे लावते काय?" दोन तासांनी टप आणि भोंगा फुकट मिळाले. शिवाय काचेमागे उभी राहून एका बाजूने उन्हाने विटलेली गाडी तिने हेरली आणि आणखी चाळीस तोडले. पाचवे चाक घेतलेच नाही. (चार चाकांच्या गाडीला पाचवे लागते हे तिला अजून पटलेले नाही.)

मग आगबोटीचे भाडे. ते वजनावर नसून जागेवर, हे कळताच आत्याने गाडीत टपापर्यंत कांदे भरले. बंदरात बोट दूर उभी राहते, म्हणून दोन पडाव, म्हणजे माल उतरवायच्या होड्या, एकत्र बांधून, वर फळ्या टाकून मोटार उतरवायची ठरली. पडाववाल्या काशीराम तांडेलाने दुप्पट मजुरी मागितली, वर गाडी बुडाली तर आपण जबाबदार नाही म्हणाला. आत्या कांद्यांत जागा करून आत जाऊन बसली. "मी हालत नाय. आता बुडव बघू!" काशीरामने घाम पुसत, जणू नवरीची पालखी आणावी तशी गाडी किनाऱ्याला लावली, तीही एकपट मजुरीत. सगळे धरून एकोणीसशे बावीस झाले. कांदे विकून एकतीस परत आले.

पहिल्याच दिवशी आम्ही यमुनाबाईच्या आधी बाजारात. ती डोक्यावर टोपली घेऊन धापा टाकत आली, तेव्हा आत्याने उठून तिची टोपली उतरवून घेतली. दुसऱ्या दिवसापासून यमुनाबाईही गाडीत बसते. दोघी वाटभर इतक्या भांडतात की मला भोंगा वाजवावा लागत नाही.

वहिनींस नमस्कार, मुलांस पापा.

आपला,
गुणाजी

ता. क. : मुंबईत तुमच्या शेजाऱ्याने मला चार दिवसांत गाडी पुढे न्यायला शिकवली. मागे न्यायचे पाचव्या दिवशी ठरले होते, पण आमची बोट सुटली. मागे जायला गिअरचा दांडा कुठे ओढायचा ते त्याला विचारून उलट टपाली कळवावे.

ता. क. दुसरा : काल गाडी एका गोठ्यात शिरली आणि आत्याने मागे घे म्हटले. लाजेखातर मी सांगितले, मागे जायचे यंत्र वेगळे विकत घ्यावे लागते. हे पत्र आजच्या बोटीने येत आहे, आत्या ते यंत्र फुकट आणायला उद्याच्या. तिला धक्क्यावरच गाठा आणि कसेही करून त्या दुकानात जाऊ देऊ नका.