नाना, दारावर जाणं बंद करा

धुळे,
२२ एप्रिल २०२१

तीर्थरूप नाना,

साष्टांग नमस्कार. आईच्या पाया पडते. मी बरी आहे, जेवते, मिळेल तेवढी झोपते. झाली खुशाली.

आता भांडते. फोनवर तुम्ही हसून विषय बदलता, म्हणून लिहून भांडते.

आईने सांगितलं, चिंधा मिस्तरी कोरोनाने गेले आणि तुम्ही त्यांच्या दारावर जाऊन बसलात. त्यांची सख्खी भावकी घरात कोंडून बसलेली, आणि साक्रीचे अडुसष्ट वर्षांचे, शुगरवाले डॉक्टर तेवढे ओट्यावर! आपला पेशंट गेला की त्याच्या घरी सांत्वनाला जायचं, ही तुमची दवाखाना काढल्यापासूनची रीत. मला तिचा अभिमान होता. आता संताप येतो. विचारलं तर म्हणे, "मन्हा पेशंट व्हता, मी नही जाऊ ते कोन जाई?" अहो, कुणीच जाऊ नये म्हणून तर आम्ही इथे घसा फोडतोय!

आणि सांत्वनाचं मला सांगू नका. तिथे बसून आल्याशिवाय तुम्हालाच घास गिळवत नाही, आईला कळतं ते. ज्याची त्याची तऱ्हा. आमच्या वॉर्डाचे पारससर पंचेचाळिशीचे. ड्युटी संपली की गाडीच्या काचा वर करून एकटेच ओरडतात, मग तोंड पुसून घरी जातात. मी तिशीची, मी भांडते. वॉर्डबॉयशी, नातेवाइकांशी, आज तुमच्याशी. रडू येतच नाही मेलं.

पेशंट गेला की घरी फोन करायचं काम माझ्याकडे आहे. परवा पलीकडून एक मुलगी किंचाळली, "ताई, तुले बाप शे का?" मी फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला.

काल तुम्ही हसलात ना, त्या हसण्यात खोकला होता. आई म्हणते, उन्हाचा आहे. तिला असं कुणी सांगितलं ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाचा असता तर तुम्ही त्याला तासभरही घरी ठेवलं नसतं.

कुंदनदादा हे पत्र घेऊन गाडीने तुम्हाला न्यायला येतोय. दवाखान्यात पेशंट बसलेले असतील, त्यांना घरी पाठवा. मास्क लावा, गाडीत मागे बसा, काचा उघड्या ठेवा. इथे तुमच्यासाठी खाट अडवलेली नाही, ते तुम्हाला चाललं नसतं. रांगेत मी उभी राहीन.

नाही आलात, तर आईला तो फोन मलाच करावा लागेल. मी करणार नाही, नाना. सांगून ठेवते.

तुमच्यावर भयंकर चिडलेली,
तुमचीच हेमांगी