तापमान नियंत्रणात आहे

४ मे, रविवार

मेघालीचा कॉम्प्युटर स्लो आहे. तिच्या इंटिरिअर डिझाइन डिप्लोमाचं शेवटचं प्रोजेक्ट सोळा तारखेला पालघरला कॉलेजात द्यायचंय. एका किचनचं पक्कं चित्र तयार करायला हे मशीन आख्खी दुपार खातं. त्याला रेंडर म्हणतात. ती म्हणाली, चालतंय पप्पा, मी लावून ठेवते आणि जेवून घेते. या पिढीत महत्त्वाकांक्षाच नाही.

ओव्हरक्लॉकिंगचे व्हिडिओ बघितले. स्वस्तातला प्रोसेसरसुद्धा कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतो. अडचण एकच, तो तापतो. आता माझी सगळी नोकरी तारापूर एमआयडीसीत कूलिंग टॉवर सांभाळण्यात गेली. आख्खा प्लांट थंड ठेवणाऱ्याला नखाएवढी चिप काय जड आहे.

संकल्प: सोळाच्या आत मशीन दीडपट.

५ मे, सोमवार. संध्याकाळी.

फर्स्ट शिफ्टवरून आलो आणि काम उरकलं. मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबून आतल्या सेटिंगमध्ये शिरलो. तिथे वेगाच्या रकान्यात छत्तीस होतं, ते चाळीस केलं. लगेच मेन स्विच बंद करून पुन्हा चालू. सेटिंग बदललं की पॉवर बंद-चालू करायची, ही आमची शिस्त.

फरक ताबडतोब जाणवला. एक्सेल तर क्लिक करायच्या आधीच उघडल्यासारखं वाटलं. जयवंतीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, मला तर पयल्यासारखाच दिसते. पण तिचा अनुभव मोबाइलपुरता आहे.

मेघाली म्हणाली, पप्पा, प्लीज, सोळापर्यंत सेटिंगला हात लावू नका. शब्द दिला. सेटिंगचा दिला, कूलिंगचा नाही.

८ मे, गुरुवार

बोईसरला धर्मेशच्या दुकानात गेलो. कॉम्प्युटर त्याच्याकडूनच घेतलेला. त्याला म्हटलं, मोठा कूलर दे, मशीन ओव्हरक्लॉक केलंय. तो म्हणाला, अंकल, आपके कामके लिए साथवाला फॅन काफी है. विकायची वृत्तीच नाही. मी आग्रह धरल्यावर त्याने वरच्या फळीवरून खोका काढला. बसवून देऊ का, विचारलं. मी नुसता हसलो.

रिक्षाने घरी, कुंभवलीपर्यंत, खोका मांडीवर. शेजारी बसलेल्या प्रवाशाने विचारलं, मिक्सर का? खोका दुसऱ्या बाजूला वळवला.

मेघाली मैत्रिणीकडे गेली होती. जुना फॅन काढला, नवा बसवला. कूलर इतका उंच निघाला की कॅबिनेटचं झाकण लागत नाही. हे चांगलंच आहे. हवा खेळती राहील.

९ मे, शुक्रवार

वीज दिवसभर नव्हती. मशीन अजिबात तापलं नाही.

११ मे, रविवार

सकाळपासून दोनदा आपोआप बंद पडलं. हात लावला तर तापलेला तवा. याचा अर्थ उघड आहे. चाळीसची ताकद आपल्या अंदाजापेक्षा बरीच जास्त आहे. असा रिझल्ट व्हिडिओवाल्यांनाही मिळालेला नाही.

मेघालीने विचारलं, तुम्ही काही केलंत का? सेटिंगला हात लावलेला नाही, असं सांगितलं. हे शब्दशः खरं आहे.

उपाय म्हणून स्वयंपाकघरातला टेबल फॅन उघड्या कॅबिनेटसमोर लावला. जयवंती म्हणाली, मी चुलीपुढे घामान भिजते आन तुमी डब्याला वारा घालता. तिला समजावलं, हे चारच दिवस, पोरीच्या करिअरचा प्रश्न आहे. ती म्हणाली, पोरीला इचारलं का?

टेक्निकल चर्चेत असे प्रश्न येत नाहीत.

१३ मे, मंगळवार

टेबल फॅन कमी पडतोय. हॉलमधला पाण्याचा कूलर मशीनकडे वळवला. आपल्याकडे हवा आधीच दमट. तासाभरात मेघालीचे ड्रॉइंगचे कागद मऊ पडले आणि भिंतीवरचं कॅलेंडर गळून खाली आलं. पाण्याचा कूलर रद्द. पण तत्त्व बरोबर होतं.

मेघाली आज फारशी बोलली नाही. उद्या फायनल रेंडर लावणार आहे. मी म्हटलं, निश्चिंत राहा.

१४ मे, बुधवार

रेंडर जवळजवळ संपत आलं होतं. शेवटचा भाग उरला होता, ओट्यामागच्या टाइल्सचा. मशीन बंद पडलं. सगळं गेलं.

मी तिथेच फॅन धरून उभा होतो. मेघाली काळ्या स्क्रीनकडे बघत बसली. मग उठली, फाइल्स पेन ड्राइव्हवर घ्यायच्यात म्हणाली, त्यासाठी मशीन थंड व्हायची वाट बघत पायरीवर जाऊन बसली. ओरडली असती तर मला माझे मुद्दे मांडता आले असते.

जयवंतीने मला चहा दिला. साखर नव्हती. विसरली असेल.

१५ मे, गुरुवार

मेघाली सकाळीच बोईसरला तिच्या मैत्रिणीकडे, दिशाकडे गेली. दिशाचं मशीन आपल्यापेक्षा जुनं आहे, ओव्हरक्लॉक वगैरे काही नाही. संध्याकाळी फोन आला की रेंडर झालं. जयवंतीने घेतला. मला द्यायला सांगितलं का, विचारलं. ती म्हणाली, नाय.

प्लांटमध्ये आज लक्ष लागलं नाही.

१६ मे, शुक्रवार

प्रोजेक्ट दिलं. सरांनी किचनच्या उजेडाचं कौतुक केलं म्हणे. हे मला जयवंतीकडून कळलं.

१८ मे, रविवार

दोघी बाजारात गेल्यावर शांतपणे मशीन उघडलं. नवा कूलर काढला. त्याच्या बुडाला, प्रोसेसरला टेकतो नेमक्या त्या जागी, प्लास्टिकची पातळ फिल्म चिकटलेली होती. बसवण्यापूर्वी काढा, असं त्यावर लिहिलेलं. अक्षर बारीक. लाल रंगात होतं, पण बारीक. कंपनीने अशा सूचना खोक्यावर द्यायला हव्यात. खोका पाहिला. खोक्यावरही आहे.

फिल्म खिशात घातली आणि जुना फॅन बसवत होतो, तेवढ्यात मेघाली आली. पुढचं तिनेच केलं. मशीन सुरू करून आतल्या सेटिंगमध्ये गेली, आकडा दोनदा वाचला आणि म्हणाली, पप्पा, इथे छत्तीसच आहे.

मी म्हटलं, चाळीस केलं होतं.

तिने विचारलं, मग सेव्ह केलंत?

मी मेन स्विचची शिस्त समजावून सांगितली. ती टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. पाच दिवसांनी हसली. म्हणजे चाळीस कधी नव्हतंच. पण पाच तारखेला एक्सेल लवकर उघडलं होतं, हे मी आजही सांगेन.

खिशातली फिल्म काढून तिच्या हातात दिली. ती म्हणाली, माझ्यासाठीच करत होतात, मला कळतं. पण पुढच्या वेळी आधी विचारा. मी मान हलवली. डोळे पुसले. हवेत धूळ फार.

२१ मे, बुधवार

मशीन व्यवस्थित चालू आहे. टेबल फॅन स्वयंपाकघरात परत गेला.

मेघालीने आतल्या सेटिंगला पासवर्ड लावलाय. चांगली गोष्ट आहे. महत्त्वाच्या मशीनलाच पासवर्ड असतो. काय ठेवलास, असं सहज विचारलं. म्हणाली, आईला सांगून ठेवलाय, कधी लागला तर.

जयवंती ओसरीवर लोणच्याच्या कैऱ्या घेऊन बसली होती. तिला आजवर कॉम्प्युटर सुरू करतानाही पाहिलेलं नाही. पासवर्ड विचारला. ती म्हणाली, कशाला पायजे?

म्हटलं, सहज. तिने टोपली माझ्याकडे सरकवली.

कैऱ्या धुतल्या.