तंबोरा नव्हे, तंतोरा

७ जाने., बुध.
किन्हवलीच्या वाचनालयाच्या फळ्यावर: 'रविवारी ४ वा. अनंताचे व्याख्यान. अरबस्तानातील पुरातन तंबोरा.' तंबोरा! मी दिलेल्या चिठ्ठीत स्वच्छ 'तंतोरा' लिहिलं होतं. अल्-उला गावातलं जुनं उन्हाचं घड्याळ. चिटणीस वर मलाच सांगतात, "बाई, तंतोरा असा शब्दच नाय. मी सुधारला." एवढी वर्षं शाळेत वह्या तपासल्या, माझं शुद्धलेखन कोणी सुधारलं नव्हतं. पदराने फळा पुसून आले.

८ जाने.
पुन्हा तंबोरा. शिवाय भजनी मंडळाला आवतण. "विषय संगीताचा म्हणून."
अनंताला कळलंच. धाकटा भाऊ माझा. अकरा वर्षं तिथे जुन्या मातीच्या घरांची डागडुजी करत होता. इथे कुडाला चिखल तुडवला, तेच कसब तिथे कामी आलं. तिथल्या म्हाताऱ्यांनी त्याला घर न् घर समजावून सांगितलं. परत आल्यावर इथे काय विचारतात? "सोनं किती आनलास?" "उंटिणीचं दूध कसं लागतं रे?"
म्हणाला, "बाय, मी नाय येत. हसायलाच बोलावतात. आता कोनालाच नाय सांगायचं." हा गप्प बसला की सगळं गेलंच. हे कोणाला कळतंय?

१० जाने.
दोन दिवस मागे लागले होते. अ. जेवताना: "येईन. पन दारात उभा राहीन." ठीक. दार तर दार.

११ जाने., रवि.
सोळा माणसं. भजनी मंडळाचे बुवा मांडीवर तंबोरा घेऊन. अ. दारात. बुवा: "अनंता, तुझा तंबोरा किती तारांचा?" हशा. माझे कान तापले.
अ. आत आला, खडू घेतला. "तार नाय, बुवा. सावली." निमुळता बुरूज काढला, पुढे एक दगड. थंडीत वर्षातून एकदा बुरजाची सावली दगडाला शिवते. मग पेरणी, मग झऱ्याच्या पाण्याच्या पाळ्या. हसणं थांबलं. मुरबाडच्या बाजारात भाजी विकणारी हौसाबाई मागून: "आन् पाळी कोनी चुकवली तं? आमच्यात पाटाच्या पाण्यावरून डोकी फुटतात." अ.चा चेहरा असा उजळलेला कधी... "मावशे, तीच तं गंमत हाय—"
चिटणीस: "वेळ झाली. आता भजन."
भर वाक्यात! मी उठून बोलायचं ते बोलले. टाळांत कोणाला ऐकू जाणार? अ. खडू ठेवून निघून गेला.

१२ जाने.
सकाळी सातला हौसाबाई ओटीवर. पाटी डोक्यावर, बाजाराची गाडी सोडून. "कुटं हाय अनंता? चुकवनाऱ्याचं काय करतात, ते राहिलं."
अ. आतल्या खोलीत, पांघरूण डोक्यावरून. दोनदा सांगितलं, हौसाबाई विचारायला आलीय. कुशीवर वळला. तिला म्हटलं, बस. चहा टाकलाय. बसली आहे.